कोणाच्या हाताला गरम?

विहिरीवर, किराणा दुकानात, एखाद्या तेरवीच्या मांडवातसुद्धा लोक माझ्यापुढं हात करतात. "आशाताई, पाहा ना जी, अंग कसं लागते?" पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात मी आशा म्हणून काम करते. ताप असलेल्यांचं सोपं असतं. थर्मामीटर काखेत लावायचा, आकडा पाहायचा, पुढचं ठरवायचं. अवघड जातं ते ज्यांचा ताप थर्मामीटरमध्ये दिसत नाही त्यांचं. कोणाचे तळपाय रात्री पेटतात, कोणाची बोटं बर्फासारखी होतात, कोणाला बसल्या जागी अंगातून वाफा आल्यासारखं होतं. घरचे म्हणतात उष्णता झाली, शेजारचे म्हणतात बाहेरचं लागलं. आणि डॉक्टरांकडं जावं तर सांगायचं काय, हेच त्या माणसाला सुचत नाही.

म्हणून माझे दोन प्रश्न ठरलेले आहेत. पहिला, हे गरम किंवा गार फक्त तुम्हाला लागतं, की दुसऱ्यानं हात लावला तर त्यालाही तसंच लागतं? दुसरा, दोन्ही बाजूंना सारखं आहे की एकाच बाजूला? एवढं विचारलं तरी बराच गुंता सुटतो. आज हेच जरा सविस्तर लिहिते, कारण हे दोन प्रश्न घरातलं कोणीही विचारू शकतं.

आमच्या भागात मिरचीचे सातरे आहेत. भिवापुरी मिरचीचा हा पट्टा. हिवाळा लागला की लाल मिरचीची पोती येऊन पडतात आणि बाया दिवसभर बसून देठ खुडतात. माझ्या सासूबाईंनी हे काम कितीतरी हंगाम केलं. संध्याकाळी घरी आल्या की पाण्याच्या गंजात हात बुडवून बसायच्या. "हाताले इस्तो लागला व माय," म्हणायच्या. मी त्यांचा हात हातात घ्यायची तेव्हा तो माझ्या हाताहून गरम नसायचा. तरी त्यांची आग अगदी खरी होती. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. कातडी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापली की ते जागं होतं आणि मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतं, मग कातडी थंड असली तरी तोच निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीच्याच या आगीचा माग काढत ते प्रथिन शोधलं आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना व आर्डेम पाटापूटियन यांना मिळालं. मला हे वाचलं तेव्हा सातऱ्यावरच्या सगळ्या बाया आठवल्या. कपाळाला बाम लावल्यावर गार वाटतं तेही असंच. त्यातलं मेन्थॉल थंडीचा निरोप नेणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं, कपाळाचं तापमान काही उतरलेलं नसतं. (सातऱ्यावर जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी हाताला खाण्याचं तेल चोळा, मग साबणानं धुवा, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका.)

म्हणजे अंगात काही तापलेलं नसतानाही आग होऊ शकते, आणि ती मनाचा खेळ नसते. हे घरच्यांना पटवून देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. सासूला, नवऱ्याला वाटतं की हात लावला तर गार लागतं, मग ही बाई ढोंग करते. ती ढोंग करत नाही. तिच्या मज्जातंतूंकडून निरोपच तसा येतो आहे.

आता दुसऱ्याच्या हाताचं. हा हातही फसतो. अंगणवाडीत ग्राम आरोग्य आणि पोषण दिनाला मी बायांसमोर तीन परातींत पाणी ठेवते, एकीत सोसवेल इतकं गरम, एकीत माठातलं, मधल्या परातीत साधं. एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात, थोडा वेळ थांबायचं, मग दोन्ही हात मधल्या परातीत. एका हाताला ते पाणी गार लागतं आणि दुसऱ्याला ऊन. "पाणी एकच, अन् दोन्ही हात भांडून रायले," असं एक आजी म्हणाल्या तेव्हा सगळ्या जणी पुन्हा परातीत हात घालायला सरसावल्या. आपली कातडी तापमान मोजत नाही, ती फरक ओळखते. चुलीजवळून उठून आलेल्या आईला लेकराचं कपाळ गार लागेल, भांडी घासून आलेल्या आईला तेच कपाळ तापलेलं लागेल. घट्टे पडलेल्या तळव्यापेक्षा हाताची पाठ जास्त नेमकं सांगते, आणि कपाळापेक्षा पोट किंवा पाठ चाचपून पाहावी. तरीही हाताचा भरवसा एका बाजूनंच जास्त धरावा. हाताला ताप नाही वाटलं तर ते बहुतेक वेळा खरं असतं. ताप आहे वाटलं तर थर्मामीटर लावल्याशिवाय औषध पाजू नका.

फरक ओळखण्यात मात्र हात फार हुशार आहे, आणि तिथंच त्याचा खरा उपयोग. दोन्ही पाय समोर घ्यायचे, दोन्ही हातांच्या पाठी एकाच वेळी गुडघ्यापासून खाली बोटांपर्यंत फिरवायच्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा गार असेल तर तो लगेच कळतो.

आमच्या टोलीवर एक काकाजी आहेत. भर पौषात पाय घोंगडीबाहेर काढून झोपायचे, खाली ओलं पोतं. गुळवेल झाली, सब्जा झाला, कोणी तळपायाला कांदा घासायला सांगितला. मी पाय चाचपले तर दोन्ही गार, सारखेच गार. आग बोटांपासून सुरू होऊन वर चढलेली, दोन्ही पायांत सारखी, रात्री जास्त, आणि सोबत मुंग्या. उपकेंद्रात बोटातून रक्त घेऊन शुगर पाहिली तर ती खूप वाढलेली. पुढं ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं की बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिल्यानं पायांचे बारीक मज्जातंतू बिघडले आहेत. असे तंतू काही न होताच आगीचे निरोप पाठवत राहतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि बरीच वर्षं दारू पिणं यांनीही असंच होतं, म्हणून अंदाजानं गोळ्या घेत बसू नये, रक्त तपासावं.

यातली मला सगळ्यात भिववणारी गोष्ट अशी की जे पाय रात्री उगाच पेटतात, त्यांना खरी आग कळत नाही. काकाजी शेकायला म्हणून गरम पाण्यात पाय सोडून बसायचे आणि पाणी किती तापलं आहे ते त्यांना समजायचं नाही. मे महिन्यात अनवाणी डांबरी रस्त्यावरून जायचे. आता त्यांच्या घरी नियम आहे, पाणी आधी काकू कोपरानं पाहतात. रोज संध्याकाळी त्या दोन्ही तळव्यांवरून हाताची पाठ फिरवतात. शुगरवाल्यांच्या पायावर जखम होण्याआधी ती जागा आतून सुजते आणि तापते. एका पायाची एखादी जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा दोन अंश सेल्सिअसहून जास्त गरम राहू लागली, तर तो पाय टेकवणं कमी करून डॉक्टरांना दाखवायचं असतं. एकदा काकूंना अंगठ्याखालची जागा अशी गरम लागली. कातडी धड होती, चट्टा नाही, फोड नाही. चप्पल बदलली, काही दिवस चालणं कमी केलं, आणि ती जागा शांत झाली. एवढं नीट पाहणारं माणूस घरात असेल तर पाय वाचतो.

याच्या उलट एक प्रकार आहे आणि आमच्या पूर्व विदर्भाला तो जुना ओळखीचा आहे. तिथं काहीच लागत नाही. एक बाई पोळ्या करताना तव्याला करंगळी लागली तरी हात काढायच्या नाहीत. फोड दिसला की कळायचं. पदराआड, कोपराच्या खाली फिकट चट्टा होता. रोवणीच्या दिवसांत सगळं अंग घामानं निथळतं, तेवढा चट्टा मात्र कोरडा राहायचा, तिथं घाम यायचाच नाही. कुष्ठरोगात कातडीतले बारीक तंतू आधी मार खातात, म्हणून ऊन-गार कळणं लवकर जातं, बाकीचा स्पर्श बऱ्याचदा नंतर. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांची जाणीव कोपराजवळून जाणाऱ्या तंतूकडून येते, तो सुजला की ती बोटं बधिर होतात. डॉक्टर दोन काचेच्या नळ्यांत गरम आणि गार पाणी घेऊन डोळे मिटायला सांगतात आणि चट्ट्यावर आलटून पालटून टेकवतात. ओळखू आलं नाही की पुढचा तपास.

त्या बाईंनी चट्टा लपवला होता, कारण घरात लग्नाची मुलगी होती. मला त्याचा राग आला नाही, वाईट फार वाटलं. सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला गांधीजी स्वतः मालिश करत. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम उभारलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन. हे सगळं आमच्याच विदर्भात घडलं, आणि तरी आमच्याच गावात एक बाई चट्टा पदराआड ठेवते. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं, प्रकारानुसार सहा महिने किंवा बारा महिने. औषध सुरू झालं की थोड्याच काळात त्या माणसापासून रोग पसरणं थांबतं. बधिरपणा नवा असेल, साधारण सहा महिन्यांच्या आतला, तर सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी तंतू पुन्हा सावरण्याची आशा असते. जुना असेल तर ती फार थोडी. या बाईंचा कोर्स पूर्ण झाला, मुलीचं लग्नही झालं. करंगळीत मात्र पुरती जाणीव परतली नाही, म्हणून त्या सांडशी आणि जाड फडकं वापरतात आणि झोपण्याआधी बोटं दिव्याजवळ धरून पाहतात.

एक पाय लाल, गरम, सुजलेला दिसला की हत्तीरोगाचा झटका आमच्याकडं सगळ्यांना आठवतो. पण "लाल" हे पुस्तकातलं झालं. आमच्या सावळ्या-काळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. कातडी जरा गडद, ताठ, चकाकणारी दिसते, बाकी हातालाच कळतं. हत्तीरोग असलेल्या पायात बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांतून जंतू आत शिरतात आणि पाय तापतो, थंडी वाजून ताप येतो. असा पाय रोज साबणानं धुऊन कोरडा ठेवला तर हे झटके कमी होतात. बांधीत चिखलात उभं राहणाऱ्यांना ही एवढी साधी गोष्ट सांगायची मी सोडत नाही. आणि एक पाय गार असेल, चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की बरं वाटतं, माणूस बिडीवाला असेल, तर रक्तवाहिनी आकसली असण्याची शंका घ्यावी. पाय एकाएकी गार, पांढरट आणि असह्य दुखायला लागला तर रात्र काढू नका. रक्त अडलं असेल तर सहा तासांच्या आत इलाज व्हावा लागतो.

बाळाचं अंग हा वेगळाच विषय आहे, आणि माझ्या जिवाला सगळ्यात जवळचा. वैनगंगेच्या खालच्या अंगाला गडचिरोली. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभर आशा ज्या गृहभेटी देतात, त्यामागं ते काम आहे. मी बाळाच्या घरी गेले की हात धुऊन, कोरडे आणि ऊबदार करून आधी पाय पाहते, मग पोट. दोन्ही ऊबदार तर ठीक. पोट ऊबदार आणि तळवे गार, म्हणजे बाळ ऊब घालवतंय, लगेच आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून झाकायचं. पोटही गार लागलं तर तशीच ऊब देत दवाखान्याची वाट धरायची. काखेतलं तापमान ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइटमध्ये हवं. मोठ्यांसारखं बाळ कुडकुडत नाही, त्यामुळं ते गारठलंय हे बघून कळत नाही. आणि जंतुसंसर्ग झालेलं बाळ तापण्याऐवजी गार पडू शकतं. "ताप नाही ना, मग काही नाही," असं आजीबाई म्हणतात तेव्हा मी त्यांना बाळाच्या पायाला हात लावायला लावते.

मोठ्यांच्या तापातही हातपाय गार असू शकतात. ताप चढताना शरीर कातडीचं रक्त आत ओढून घेतं. माणूस रजईत कुडकुडतो, हात गार आणि पोट चटका बसण्याइतकं तापलेलं. मलेरियात हे फार ठळक दिसतं, म्हणून मी नुसता हात न पाहता रक्ताचा नमुना घेते. नवतपात उन्हाचा झटका बसलेल्याचं उलट, कातडी जळत असते आणि माणूस बरळतो. कातडी कोरडी असो की घामेजलेली, बरळणं सुरू झालं की अंगावर पाणी, वारा आणि १०८. आणि ज्याला आमच्याकडं हाडीताप म्हणतात, गंडे-दोरे बांधतात, त्यातल्या काहींना संध्याकाळी खरंच बारीक ताप असतो. खोकला, वजन उतरणं सोबत असेल तर क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्या, गंडा नंतर.

चाळिशी ओलांडलेल्या बाया हे सगळ्यात शेवटी आणि आवाज खाली करून सांगतात. छातीतून एकदम वाफ वर चढते, तोंड तापतं, दोन-चार मिनिटांत घाम फुटतो, मग थंडी वाजते. इथं त्या क्षणी हात लावला तर कातडी खरंच गरम लागते. पाळी जाण्याच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र थोड्याशा ऊबेनंही घाबरल्यासारखं वागतं. गर्भपिशवीसोबत अंडाशयंही काढली असतील तर हे एकदम आणि जोरात सुरू होतं. काहींना वर्ष-दोन वर्षं, काहींना सात-आठ वर्षंही चालतं. इलाज आहेत, ते डॉक्टर ठरवतात. पण आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्यावं.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना मी कागद दिला होता. कधी झालं, किती वेळ राहिलं, अंगाच्या कोणत्या भागात, एका बाजूला की दोन्ही, त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या हाताला गरम लागलं का. त्यांच्या लेकीनं तो भरला. तपासण्या चांगल्या आल्या, डॉक्टरांनी कागद वाचून पाळीचंच कारण सांगितलं. वहिनींचा जीव एवढा हलका झाला की त्यांनी गल्लीभर सांगितलं. मग आपल्या धाकट्या जावेलाच घेऊन आल्या, "हिलेही वाफा येऊन रायल्या, ताई." जाऊबाईंचं पिशवीचं ऑपरेशन होऊन थोडे दिवस झालेले. मी विचारलं, वाफ कुठं? तर म्हणाल्या, छातीत नाही, डाव्या पोटरीत, अन् सतत. दोन्ही पोटऱ्यांवरून हाताच्या पाठी फिरवल्या. डावी गरम, ताठ, मापानंही मोठी. चोळायचं नाही, शेकायचं नाही, चालत जायचं नाही असं सांगून त्याच दुपारी त्यांना गाडी करून भंडाऱ्याला पाठवलं. सोनोग्राफीत पायाच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्या काही महिने घ्यायच्या आहेत, आणि दर भेटीत मी त्यांचे दोन्ही पाय एकत्रच पाहते.